गुळाचा वास आणि आंबा घाट

नमस्कार मंडळी! पाऊस जरा उघडला, डोंगरमाथ्यावरचे सडे हिरवेगार झाले की आपल्याकडे मोटारसायकली निघतात. कोणी कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरतं, कोणी आंबोलीतून सावंतवाडीला, कोणी वरंध्यातून महाडला. जा हो, खुशाल जा, मीपण जातो. पण चढायच्या गप्पा सगळेच मारतात, आज मला बोलायचंय ते घाट उतरण्याबद्दल. उतरण्याबद्दल, बरं का.

आता माझीच गोष्ट सांगतो, घरात सगळ्यांना पाठ झालीय, तुम्ही तरी ऐका. गणपतीच्या आदल्या दिवशी मी आणि माझा भाचा कोल्हापूरहून देवरुखला येत होतो. 100 सीसीची जुनी गाडी, टाकीवर मखराचं सामान, कॅरियरला 10 किलोची गुळाची ढेप, आणि मध्ये भाचा, तो स्वतःच 80 किलोचा. मलकापूर मागे टाकलं, आंबा गावात चहा झाला. (तिथे कोणीतरी सोलकढी म्हणून गुलाबी पावडरीचं पाणी विकत होता. अहो, नारळाचा रस नाही तर ती सोलकढी कसली? असो.) आणि घाट लागल्याबरोबर मी काय केलं? गाडी न्यूट्रल केली, चावी बंद! पेट्रोल वाचतं ना. आमच्या पिढीची ही खोडच.

मस्त चाललंय, आवाज नाही काही नाही, वारा कानात, खाली साखरप्याकडचं खोरं, एखादं वळण आलं की पाय ब्रेकवर, दुसरं आलं की परत ब्रेकवर, खरं तर पाय ब्रेकवरून उठतच नव्हता. तेवढ्यात मागून भाचा, "मामा, गूळ करपतोय!" मी म्हटलं गप बस, गूळ कसा करपेल, चुलीवर आहे का? "नाही मामा, खरंच करपट वास येतोय!" पुढचं वळण आलं, पाय दाबला आणि पेडल सरळ खाली! मागे 10 किलो गूळ, 80 किलो भाचा, उजवीकडे दरी. चावी फिरवली, क्लच दाबून तिसरा टाकला, मग दुसरा, इंजिन असं काही किंचाळलं की मखरातला बाप्पाच आठवला. शेवटी डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासत घासत थांबलो.

पुढे रुंद जागेत एक ट्रकवाला बॉनेट उघडून बसला होता. भाचा बाटलीतलं पाणी तापलेल्या ड्रमवर, म्हणजे मागच्या चाकातल्या ब्रेकच्या डब्यावर, ओतायला गेला, तर तो तिथूनच ओरडला, "पाणी नगं, तडकंल!" मग मला म्हणाला, "पाव्हणं, चढताना कुठल्या गेरात चढता?" म्हटलं दुसऱ्या. "मग उतरताना त्यो गेर काय देव्हाऱ्यात ठेवता व्हय?"

काय बोलणार? अर्धा तास बसलो. मागचा ड्रम सतत घासून तापतो, तापला की फुगतो आणि आतल्या ब्रेकशूजची पकड जाते, एवढंच झालं होतं. डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नका, त्यात ब्रेकचं तेल उकळलं की लिव्हर असा मऊ पडतो की विचारू नका. म्हणून परत सांगतो, ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा, न्यूट्रल नाही म्हणजे नाही. इंजिनलाच गाडी धरू द्या, ब्रेक दाबून सोडा, दाबून सोडा. आणि चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट, हा नियमच आहे. ते फटाके वाजवणारे सायलेन्सर मात्र घरी ठेवा, घाटात माकडं राहतात, त्यांचं काय चुकलंय?

बाकी दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवलीत तर ती गियरात ठेवून साइड स्टँडवर लावा आणि हाताने धरून उभे राहा, फोटो नंतर. आणि जांभ्यावर शेवाळ असेल तर तिथे वळताना ब्रेक नको, आधीच हळू व्हा. वेळ होत आली वाटतं, समोरून हात दाखवतायत.

गुळाला काही झालं नव्हतं, बरं का. त्याच गुळाचे मोदक झाले, भाच्याने अकरा खाल्ले आणि बाराव्याला म्हणाला, "मामा, थोडा ब्रेकचा वास येतोय."