पंप कुणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो!

सौरपंपासाठी अर्ज करायचा तर आधी जमिनीचा कागद लागतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की, जगातल्या शेतजमीनधारकांत बायका १५ टक्क्यांच्याही आत आहेत. म्हणजे शेतात राबते ती बाई, पण पंप येतो दुसऱ्याच्या नावावर.

पंपामुळे कष्ट वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिझेलची यातायात टळते, पाण्याच्या फेऱ्या कमी होतात. पण पाणी आलं की एका पिकाची दोन पिकं होतात. त्या दुसऱ्या पिकाची खुरपणी कोण करणार? पॅनेलवरची धूळ कोण पुसणार? बरं, उन्हाचं बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला, तर भूजल खाली जातं आणि उथळ विहिरी आधी आटतात. मग पिण्याच्या पाण्यासाठी लांबवर कुणाला जावं लागतं, ते वेगळं सांगायला नको.

मला खरी काळजी वाटते ती मोठ्या सौरप्रकल्पांची. एका मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. ५० मेगावॉट म्हटलं की दोनशे एकरांच्या पुढे. जमीनमालकाशी करार होतो, त्याला भाडं मिळतं. त्याच रानात रोजानं जाणाऱ्या बाईशी कोण करार करतं? तिची लावणी, खुरपणी, काढणी त्या एका सहीनं संपते. बांधावरचं गवत आणि सरपणही कुंपणाआड जातं. पॅनेल उंच सांगाड्यावर बसवून खाली पीक घेता येतं, सावलीत पालेभाज्या चांगल्या येतात. सांगाडा महाग पडतो, म्हणून कंपन्या का-कू करतात. मजुरी बुडालेल्या बाईचं नुकसान मात्र त्या हिशेबात कुणी धरत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या उत्तरेकडील कलाले भागात २००७ साली वेगळी वाट धरली गेली. तिथल्या बायका कोरड्या ऋतूत हातानं पाणी घालून भाजीपाला जगवत. सौरपंप आणि ठिबक दिलं ते त्यांच्या गटांना. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचं उत्पन्न वाढलेलं दिसलं, घरात भाजीही जास्त खाल्ली जाऊ लागली होती. जमीन नावावर नसलेल्या बायकांनाही असा गट करून अर्ज करता यायला हवा. पंपाची योजना कुठलीही असो, नियमांत तेवढं एक कलम घालणं काही अवघड नाही.