फेटलिंगची रिकामी जागा

मंडळी, 'यंत्रं आली की माणसं घरी बसणार' असं आपण सहज बोलून जातो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, क्रम उलटा आहे. आधी माणूस यायचा थांबतो, मग यंत्राचं कोटेशन मागवलं जातं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 निघाला. पिढीला पिढी पुरायची तर 2.1 लागतो. पुढच्या अठरा वर्षांत गेटवर येणारी मुलं जन्माला येऊन गेलीत, ती आत्ताच मोजता येतात. त्यातल्या बहुतेकांना सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, उभं राहायचंय; फेटलिंग, म्हणजे ओतलेला भाग साफ करण्याचं काम, नको. म्हणून बाहेरच्या राज्यांतली पोरं आणायची. पण त्याच पाहणीत ओडिशा 1.8 वर होतं आणि बिहार 3.4 वरून 3.0 वर उतरलं होतं. ती विहीरही आटते आहे.

फेटलिंग म्हणजे ओतलेल्या भागाला, कास्टिंगला, चिकटून राहिलेले रनर-रायझर (धातू आत जायच्या वाटा) तोडायचे, सांध्यावरची जादा धातूची कड, म्हणजे फ्लॅश, घासायची, दिवसभर ग्राइंडर धरायचा. धूळ सिलिकाची, फुप्फुसात बसली की निघत नाही. हे काम रोबोने नेलं तर रडायचं कारण नाही. पण रोबो घेतला आणि पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवणारा नमुना, जुनाच ठेवला, की पैसे पाण्यात. माणूस डोळ्यांनी बघून हात वळवतो. रोबोला प्रत्येक कास्टिंग सारखंच लागतं. पॅटर्न झिजून किंवा साच्याच्या पेटीच्या पिना सैल होऊन साच्याच्या दोन अर्ध्यांत दोन मिलिमीटरचा मिसमॅच आला, तर ग्राइंडरचं चाक एका बाजूला फ्लॅश सोडतं, दुसऱ्या बाजूला कास्टिंग खातं. शिवाय चाक स्वतः झिजतं, ती झीज प्रोग्रामला कळवावी लागते. म्हणजे ग्राइंडर धरणारे घटतात, पण फिक्श्चर (कास्टिंग जागेवर धरणारी चौकट) लावणारा, पिना तपासणारा माणूस लागतोच. तो बाजारात मिळत नाही, घडवावा लागतो.

इलेक्ट्रिक गाडीचं थोडक्यात. तिला सिलिंडर ब्लॉक, हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाही. ब्रेक ड्रम, डिस्क, सस्पेन्शनचे भाग लागतात. ब्लॉकला वॉटर जॅकेट (पाण्याची पोकळी) धरून कितीतरी कोअर, म्हणजे आतली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, बसतात, ड्रमला जवळजवळ नाहीतच. तेव्हा टनेज टिकलं तरी कोअर शॉप रिकामं होऊ शकतं, आणि फौंड्रीत बायकांना काम मिळतं ते बरंचसं तिथंच. याकडे कुणी फारसं बघत नाही.

आता साच्याची वाळू. जुना मोल्डर, म्हणजे साचा भरणारा, मूठ दाबून ओल सांगतो. ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूला, साधारण 3 ते 3.5 टक्के ओल, कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के बसते) चाळीसच्या आसपास. परतीची, म्हणजे साचे फोडून पुन्हा वापरायची, वाळू पन्नास अंशांच्या वर गरम असली की मिक्सरपासून मोल्डपर्यंत (साच्यापर्यंत) येताना पाणी उडतं, कडा ढासळतात. वाफ थंड पॅटर्नवर जमून वाळू चिकटते, ते वेगळंच. ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये वाफेची भोकं, ब्लोहोल. हातानं मोल्ड भरताना चार पेट्या वाया जायच्या. तासाला शंभर मोल्ड टाकणाऱ्या लाइनवर वीस मिनिटांत तेहतीस जातात.

मूठ ओळखणारी ही माणसं पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ती निवृत्त होण्याआधी एक रजिस्टर घाला: दर तासाला त्यांचा अंदाज, शेजारी लॅबचं रीडिंग, वाळूचं तापमान आणि त्या तासाचं रिजेक्शन. उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही त्यात यायला हवेत. रजिस्टर लिहायला आयटीआयचं नवं पोरगं बसवा.