काकूंचे बारा हजार

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. एप्रिलमध्ये पासबुक भरून आणलं आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "बारा हजार गेले कुठं? मला टॅक्स बसत नाही म्हणता न्हवं?"

काकूंचंही बरोबर होतं आणि बँकेचंही. 2025-26 मध्ये काकूंची पेन्शन तीन लाख, ठेवींचं व्याज एक लाख वीस हजार. ज्येष्ठांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की बँक दहा टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कर, कापते, आणि तो वरच्या वीस हजारांवर नाही, सगळ्या व्याजावर. पॅन दिलेला नसेल तर वीस टक्के. तुमचं एकूण उत्पन्न किती, हे बँकेला कुठं माहीत? ते सांगायलाच त्या वर्षी 15एच अर्ज होता. काकूंनी तो दिलाच नव्हता.

आता हिशेब बघा. चार लाख वीस हजारांतून पेन्शनची पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले तीन लाख पंचेचाळीस हजार. करमोजणीच्या नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे बाराच्या बारा हजार परत. पण आपोआप नाही. आयकराचं विवरणपत्र भरलं तरच.

उद्यमबागेच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांनी मात्र दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करावी. विमा, पीएफ, मुलांची फी यांची दीड लाखापर्यंतची वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते. घरकर्जाचं व्याज मोठं असेल तर कधी कधी तीच परवडते. कुणी एजंट म्हणाला, "खोटी देणगी दाखवू, रिफंड काढून देतो, मला टक्केवारी द्या," तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पकडलं गेलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि नोटीस एजंटच्या नावानं येत नाही.

काकूंचं विवरणपत्र जूनमध्ये भरलं, आधारच्या ओटीपीनं पडताळणीही लगेच केली. त्याला तीस दिवसांचीच मुदत असते. अनेक जण इथंच विसरतात. देशभरातली विवरणपत्रं बंगळूरला तपासली जातात, हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हंजे आमचं हेही बंगळूरलाच अडकणार!"

अडकलं खरं, पण घोडं बेळगावातच अडलं होतं. पॅनवर नाव इकडच्या, कर्नाटकातल्या पद्धतीनं, आद्याक्षरं आधी. बँकेतलं खातं जुनं, महाराष्ट्रातल्या चंदगडचं, माहेरकडचं. त्यावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव पूर्ण. दोन नावं जुळेनात, म्हणून खात्याची पडताळणी होईना, आणि तशी पडताळणी झालेल्या खात्यातच रिफंड जमा होतो. सीमेवर राहणाऱ्या किती घरांत अशी दोन-दोन नावं असतील!

मध्येच काकूंच्या मोबाईलवर "रिफंडसाठी इथं दाबा" असा मेसेजही येऊन गेला. तो आम्ही पुसून टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅन, आधार घेऊन चंदगडची बस धरली.