डबी घरी गेली, पिशवी कुठे गेली?

(ऑपरेशन थिएटरचं दार. बाहेर बाकावर घरची माणसं.)

दार अर्धं उघडतं. सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर येते. "पेशंटबरोबर कोण आहे?" सगळेच उठतात. ट्रेमध्ये पित्ताची पिशवी आहे, उभी चिरलेली, आणि बाजूला खडे. काही मोहरीएवढे, दोन-तीन हरभऱ्याएवढे. कुणी मोबाईलवर फोटो काढतं, कुणी मोजायला लागतं. मग ते खडे एका डबीतून घरी जातात, आणि पुढचे कित्येक दिवस भेटायला येणाऱ्याला डबी उघडून दाखवली जाते.

पिशवीचं पुढे काय होणार, हे सहसा कुणी विचारत नाही. ट्रे आत जातो, दार बंद होतं.

आपण त्या पिशवीच्या मागे जाणार आहोत.

(जे. जे. रुग्णालयाची इमारत, भायखळा.)

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लँगेनबुख यांनी १८८२ साली केली. त्यानंतर शंभर वर्षं हे काम बरगडीखाली मोठी चीर देऊनच होत राहिलं. भारतात ते दुर्बिणीतून पहिल्यांदा झालं १९९० साली, इथे मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडिया यांच्या हातून. आज तालुक्याच्या गावातही हे ऑपरेशन होतं. पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. घरचेही निर्धास्त असतात, "खड्यांचंच तर ऑपरेशन आहे."

बहुतेक वेळा ते खरंही असतं. खडे असलेल्या बहुसंख्य माणसांना पित्ताशयाचा कॅन्सर कधीच होत नाही. पण खडे म्हणून काढलेल्या पिशव्या तपासल्या, की शेकडा अर्धा ते एकच्या आसपास पिशव्यांमध्ये तो सापडतो. भूभागाप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. ऑपरेशनच्या आधी त्याची शंकाही नसते. सोनोग्राफीत खड्याच्या मागे काळी सावली पडते, आणि त्या सावलीत बारीक गाठ झाकली जाऊ शकते. पिशवीची भिंत जाड दिसली, तरी सुजेनेही ती तशीच दिसते.

(नकाशा. गंगेचा प्रवाह हळूहळू उजळत जातो.)

भारतात हा आजार जणू नदीच्या कडेने चालतो. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, पुढे आसाम. जगात असंच मोठं प्रमाण दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमध्ये आहे, तिथल्या मापुचे या आदिवासी समाजाच्या स्त्रियांमध्ये विशेष. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो. टायफॉइडच्या जंतूंचं पित्ताशयात ठाण मांडून बसणं, पाण्यातले जड धातू, मोहरीच्या तेलातली भेसळ, अशा अनेक कारणांचा अभ्यास झाला आहे.

महाराष्ट्रात प्रमाण कमी आहे. पण ठाण्यात, नाशिकमध्ये, पुण्याच्या बांधकामांवर राहणारी कितीतरी कुटुंबं गंगेकाठची आहेत. गाव सोडलं तरी तिथे गेलेली वीस-तीस वर्षं शरीरात राहतात. आणि त्यांच्या पिशव्या इथल्याच थिएटरमध्ये निघतात.

(लॅब. टेबलावर रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी.)

पिशवी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती कुजू न देणाऱ्या द्रावणात, इथे पोचली आहे. ती इथपर्यंत नीट पोचणं, हेच अर्धं काम. आतलं पित्त काढून टाकलेलं हवं, कारण तेच पित्त आतल्या नाजूक अस्तराला खाऊन टाकतं. फॉर्मॅलिन पिशवीच्या किमान दहापट हवं. नुसत्या सलाईनमध्ये पडून राहिलेली पिशवी दोन दिवसांनी आली, तर पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे काढलेला भाग तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरांच्या, हाती फारसं काही उरत नाही.

पॅथॉलॉजिस्ट पिशवी उलगडून पसरतात. आतून ती मखमलीसारखी, हिरवट, बारीक जाळीदार. त्यावरून हातमोज्यातलं बोट सावकाश फिरतं. कुठे कडक लागतं का? कुठे जाळी पुसून सपाट झाली आहे का? मग तुकडे घेतले जातात: टोकाचा, मधला, मानेचा, आणि जिथे नळी कापली त्या कडेचा. संशय आला तर आणखी.

हे तुकडे रात्रभर अल्कोहोल आणि झायलीनमधून जातात, मेणात बसवले जातात. सकाळी त्यांचे तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात, केसापेक्षा कितीतरी पातळ. काप कोमट पाण्यावर तरंगतो, काचेवर उचलला जातो. मग दोन रंग. पेशींची केंद्रं निळी-जांभळी होतात, बाकी सगळं गुलाबी.

बहुतेक काचांवर जुनी सूज दिसते. रिपोर्ट होतो: क्रॉनिक कोलेसिस्टायटिस. पण एखाद्या काचेवर ग्रंथी वेड्यावाकड्या, केंद्रं मोठी आणि गर्द, आणि अस्तराची सीमा ओलांडून खाली उतरलेली. ती काच पुन्हा पाहिली जाते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवली जाते.

(भिंतीचं रेखाचित्र. थर एकेक करून दिसतात.)

आता प्रश्न एकच: किती खोल?

पित्ताशयाची भिंत दोन-तीन मिलिमीटरची. आतड्याच्या भिंतीत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये एक भक्कम थर असतो, पित्ताशयाला तो नसतोच. कॅन्सर अस्तरातच असेल, तर डॉक्टर त्याला टी-१-ए म्हणतात. पिशवी अखंड निघाली असेल आणि कडा स्वच्छ असतील, तर झालेलं ऑपरेशनच पुरेसं. पेशंट बरा झालेला असतो, तेही आपल्याला काय होतं हे कळायच्या आत.

स्नायूत शिरला, की टी-१-बी. तिथून पुढे हिशोब बदलतो. आधी स्कॅन, आणि आजार पसरलेला नसेल तर पुन्हा ऑपरेशन. यकृताचा पित्ताशयाला चिकटलेला भाग आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढतात. हे शक्यतो पहिल्या ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांत व्हावं, असं बरेच सर्जन मानतात.

म्हणून पहिल्या ऑपरेशनमधल्या बारीकसारीक नोंदींना इतकी किंमत. पिशवी फुटली होती का? पित्त पोटात सांडलं होतं का? ती थैलीत घालून बाहेर काढली, की दुर्बिणीसाठी पोटावर पाडलेल्या बारीक भोकातून तशीच ओढली? आपल्याकडे कितीतरी सर्जन निर्जंतुक हातमोजाच थैली म्हणून वापरतात. साधी, स्वस्त युक्ती, आणि मला ती फार मोलाची वाटते. उघड्याने ओढलेल्या पिशवीतल्या पेशी पोटाच्या त्या भोकात रुजू शकतात.

(पिवळी पिशवी. तोंड बांधलं जातं.)

पण आपण जिच्या मागे निघालो ती पिशवी लॅबमध्ये पोचलीच नाही तर?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार शरीराचे काढलेले भाग पिवळ्या पिशवीत जातात आणि तिथून जाळायला. खर्च वाचावा म्हणून, "साधे खडेच होते" म्हणून, किंवा नुसतं राहून गेलं म्हणून पित्ताशय थेट तिथे जातं. नेदरलँड्समध्ये सर्जनने पिशवी उघडून, चाचपून बघावी आणि संशय आला तरच लॅबला पाठवावी, अशी पद्धत रुजली आहे. तिथे हा कॅन्सर विरळा आहे आणि बघण्याची शिस्त पक्की आहे. आपल्याकडे मला हे पटत नाही. सुरुवातीचा कॅन्सर डोळ्यांना कित्येकदा साध्या सुजेसारखाच दिसतो, आणि नेमका तोच पूर्ण बरा होणारा असतो. जाळलेली पिशवी परत मागवता येत नाही. काही महिन्यांनी बाई कावीळ घेऊन येते, पोटाच्या त्या भोकाजवळ गाठ घेऊन येते, आणि तेव्हा डॉक्टर विचारतात, "पिशवीचा रिपोर्ट आहे का?" घरातून येते ती खड्यांची डबी.

(लॅबचा काउंटर. संध्याकाळ. रिपोर्टांचा गठ्ठा.)

आणखी एक गळती इथे, या काउंटरवर आहे. पिशवी आली, तपासली, रिपोर्ट छापून तयार. घ्यायला कुणी आलंच नाही. टाके निघाले, दुखणं थांबलं, बाई कामाला लागली. कागद आणायचा होता, हे कुणाच्या लक्षातही नाही.

अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट नुसता कागद ठेवून देत नाहीत, स्वतः सर्जनला फोन लावतात. सर्जन केसपेपर काढतात, पेशंटला फोन लावतात. आज लॅबमध्ये तसाच एक रिपोर्ट आहे. वय बावन्न, स्त्री, निदान खडे. खाली तपासणीचा निष्कर्ष: अडेनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या ग्रंथींचा कॅन्सर, स्नायूपर्यंत. ऑपरेशनला अकरा दिवस झालेत.

फॉर्मवर मोबाईल नंबर आहे, मुलाचा. रिंग जाते आहे.