लाईनीचं मूळ जवसात

नमस्कार श्रोतेहो.

परवा सांगलीच्या एसटी स्टँडवर दोन मावश्यांचं बोलणं कानावर पडलं. "थोरला लाईनीला लागला गं, धाकट्याची अजून लाईन क्लिअर नाही." आता हे नोकरीचं की लग्नाचं, असा विचार करतोय तोवर कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, लाईनीत या की!" एका मिनिटात तीन लाईनी झाल्या, आणि कुणालाही कोश उघडावा लागला नाही.

'लाईन क्लिअर' हा शब्द रेल्वेचा. पुढच्या स्टेशनानं रूळ मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, त्या परवानगीचं हे नाव. मिरजेत तर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही लाईनी होत्या. आता निवडणुकीच्या उमेदवारीचीही लाईन क्लिअर होते. पोलीस लाईन आली छावणीतून, ओळीनं बांधलेल्या बराकींवरून. तासगावकडं द्राक्षबागेत ठिबकची मेनलाईन फुटली की मालकाचा जीव खालीवर होतो, आणि डीपी जळाला की गावाला देवाआधी लाईनमन आठवतो.

पण मला खरी मौज वाटते ती या शब्दाच्या मुळाची. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. होय, आपण चटणी करतो तेच जवस! त्याच्या खोडाच्या धाग्यांची दोरी ती 'लिनेआ', आणि तिचीच पुढं लाईन झाली. म्हणजे लाईन मुळात दोरीच. आता आपल्या गवंड्याकडं बघा. भिंत सरळ यावी म्हणून तो दोरी ताणतो आणि तिला म्हणतो 'लाईनदोरी'. अर्थ काय झाला? दोरीदोरी! चुकलं म्हणू नका हं. शब्द परका आहे, म्हणून त्याच्या सोबतीला घरचा एक दिला, एवढंच.

त्याच जवसाच्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. ते कपड्याला आतून लावायचे, म्हणून इंग्रजीत अस्तराला 'लायनिंग' म्हणू लागले. आपल्या वहिनी टेलरकडं ब्लाउजला लायनिंग लावायला सांगतात ते हेच. पुढं इंजिनिअर मंडळींनी कालव्याला आतून काँक्रीट लावलं आणि त्यालाही लायनिंगच म्हटलं. सरकारी मराठीत त्याचं झालं 'अस्तरीकरण'. म्हैसाळच्या योजनेचं पाणी ज्या शिवारात जातं, तिथला शेतकरी हा शब्द सहज बोलतो. कालव्याला अस्तर! सरकारी भाषेवर मी एरवी फार खूश नसतो, पण इथं शब्द झकास जमलाय.

आता राहिली एकच लाईन, कॉलेज कॉर्नरवर पोरं मारतात ती. तिची व्युत्पत्ती मला ठाऊक आहे की नाही, ते विचारू नका. कार्यक्रम सौ. ऐकतायत.

नमस्कार.