गार पाण्यातलं पहिलं मिनिट

नमस्कार श्रोतेहो. बर्फाच्या पाण्यात बसणं आणि अंधाऱ्या टाकीत मिठाच्या पाण्यावर तरंगणं, दोन्हींची हौस सध्या वाढली आहे. जिवाला धोका गार पाण्यात जास्त, म्हणून आधी तेच.

गार पाणी अंगाला एकदम लागलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तो थोपवता येत नाही. नेमकं तेव्हाच तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुफ्फुसात जातं. नाडी आणि रक्तदाबही झपकन चढतात. पहिल्या मिनिटात हा झटका सर्वांत तीव्र असतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून उडी मारू नका. आधी पाय, मग कंबर, मग छाती, आणि दर टप्प्याला सावकाश श्वास सोडा. डोकं बाहेरच ठेवा. चेहरा बुडाला की हृदय मंदावू पाहतं, आणि या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात. भरभर श्वास घेऊन मग दम रोखून धरणं तर मुळीच नको, त्यात पाण्यातच शुद्ध हरपते.

नवख्याला 15 अंश सेल्सिअस आणि एक-दोन मिनिटं पुष्कळ झाली. पिंपातलं दीडशे लिटर पाणी 25 अंशांवरून 15 वर आणायला साधारण 16 किलो बर्फ लागतो. लादी बारीक फोडा, वितळू द्या, नीट ढवळा आणि मगच थर्मामीटर बुडवा. न ढवळता घेतलेलं माप फसवं. शेजारी एक जाणतं माणूस हवंच. बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही वेळ उतरत राहतं, म्हणून लगेच अंग पुसून कोरडे, उबदार कपडे घाला. कढत पाण्याखाली उभं राहू नका, चक्कर येते. हृदयविकार, रक्तदाब, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दारू पिऊन कुणीच उतरू नये.

तरंगण्याच्या टाकीत जेमतेम 25-30 सेंटिमीटर पाणी असतं, त्यात शेकडो किलो एप्सम मीठ (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे), आणि तापमान त्वचेइतकं, 34-35 अंश. त्या दिवशी दाढी करू नका, फार चुरचुरतं. बारीक खरचटलं असेल तर व्हॅसलीन लावा, उघडी जखम असेल तर मात्र टाकीत जाऊच नका. दीड तास आधी हलकं खा, कॉफी टाळा. हाताशी गोड्या पाण्याची स्प्रे-बाटली आणि कोरडा नॅपकिन ठेवा. डोळ्यात मीठ गेलं तर ओल्या बोटांनी चोळू नका, फवारा मारा. दार आतून सहज उघडतं का, ते आधीच पाहा. उठताना आधी बसा, मग आधार धरून उभे राहा, कारण तळ निसरडा असतो. शेवटी कान गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ आतच वाळून बसतं.