दहावीतच करून घ्यायची तपासणी: हवाई दलाचे वैमानिक आणि वैद्यकीय निकष

मुलांनो आणि पालकहो, एनडीएच्या, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, निवडीत वैद्यकीय तपासणी सगळ्यात शेवटी येते, आणि खरी अडचण तिथेच आहे. आधी लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या, वैमानिकाच्या शाखेसाठी सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी, जी आयुष्यात एकदाच देता येते. हे सगळं पार पडल्यावर डॉक्टरांसमोर उभं राहायचं. तिथे कळतं की डाव्या डोळ्याला उणे पाऊणचा नंबर आहे. तोवर क्लासची दोन वर्षं आणि फी दोन्ही गेलेली असतात. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून एसपीआय ही एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे, लातूर-नांदेडला क्लासेस आहेत. तयारीची सोय आपल्याकडे कमी नाही. पण प्रवेशाच्या आधी डोळे तपासायची सवय अजून लागलेली नाही.

एनडीएतून वैमानिक व्हायचं तर एका डोळ्याची दृष्टी चष्म्याविना ६/६ आणि दुसऱ्याची निदान ६/९ लागते. ६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ नऊ मीटरवरून वाचता येते, ती तुम्हाला सहा मीटरवरून वाचता येणं. ही सूटसुद्धा फक्त अधिक नंबराला आहे, तीही +२ पर्यंत आणि चष्मा लावून तो डोळा ६/६ वाचत असेल तरच. उणे नंबराला जागाच नाही.

त्यासाठी चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर भरवसा ठेवू नका. सोळा-सतरा वर्षांच्या डोळ्याची भिंग आवळायची ताकद मोठी असते. त्यामुळे खरा अधिक नंबर लपतो, आणि कधी कधी नसलेला उणे नंबर मशीनवर दिसतो. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी होते, ती करा. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका. डोळ्यांच्या व्यायामाने नंबर घालवून देतो असं सांगणाऱ्यांच्या दारात मात्र पाऊलही टाकू नका. डोळ्याच्या गोलाची लांबी व्यायामाने कमी होत नाही.

लेझर शस्त्रक्रियेबद्दल नीट ऐका, कारण यात घाईने कायमचं नुकसान होतं. हवाई दल लेसिक किंवा पीआरके (नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रिया) झालेला उमेदवार घेतं, पण शस्त्रक्रिया वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर झालेली असावी लागते. एनडीएची वयोमर्यादा साडेएकोणीस. म्हणजे एनडीएसाठी हा रस्ता हिशेबानेच बंद आहे. 'बारावी झाली, आता लेझर करून टाकू' म्हणणारे आईबाप मुलाचा पुढचा, पदवीनंतरचा रस्ताही बंद करून बसतात. सीडीएस किंवा एएफकॅट या पदवीनंतरच्या भरती परीक्षांमधून वैमानिक व्हायला वीस ते चोवीस वय लागतं. विसाव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया, मग बारा महिने थांबणं, एवढं त्यात बसतं. आधीचा नंबर सहाच्या आत हवा, शस्त्रक्रियेनंतर पारपटलाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली जाता कामा नये. शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल जपून ठेवा. तो नसला तर आधीचा नंबर सिद्ध करता येत नाही.

रंगदृष्टीला उपाय नाही. धावपट्टीच्या सुरुवातीचे दिवे हिरवे, शेवटचे लाल. उतरताना आपण योग्य उंचीवर आहोत का, हे पांढऱ्या-लाल दिव्यांवरून कळतं. समोरच्या विमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा दिवा असतो. म्हणून इथे वरची श्रेणी, सीपी-१, लागते. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. मामाला लाल-हिरव्याचा गोंधळ होत असेल तर इशिहाराच्या ठिपक्यांची तपासणी सगळ्यात आधी करा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता शरीराची मापं. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. पाय मोजायचा तो भिंतीला पाठ-कंबर टेकून बसून, पाय सरळ पसरून, भिंतीपासून टाचेपर्यंत. कमी पडला तर विमान वळवणाऱ्या रडरचं पायातलं पेडल पूर्ण दाबता येत नाही. मांडी लांब असली तर संकटात विमानातून आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. त्याच झटक्यात मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, म्हणून पाठीचे एक्सरे काढतात आणि मणका सरकलेला असला तर नाकारतात.

कानाला प्रत्येकी ६१० सेंटिमीटरवरची कुजबुज ऐकू यावी. पडद्याला छिद्र नको, कारण उंचीवर हवेचा दाब झपाट्याने बदलतो. दातांचे १४ गुण लागतात. गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतं. आजीच्या हौसेने दंडावर काढलेलं असलं तर त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.

तात्पुरता अपात्र ठरवलं तर अपील वैद्यकीय मंडळ असतं, पण त्याची मुदत आठवड्यांत मोजली जाते. कानातला मळ, थोडं जास्तीचं वजन, तेवढ्यात निपटतं. नाकाचा वाकडा पडदा किंवा हायड्रोसील (अंडकोशात साचलेलं पाणी) यांची शस्त्रक्रिया करून जखम पूर्ण भरून यायला ती मुदत अपुरी पडू शकते. ती एसएसबीला जाण्याआधीच, उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून घ्या.